‘गेली’ म्हटलं की मी जनरेटर उचलायचो

मले लिहाले लावू नका, असं मी इथल्या मराठी मंडळाच्या ताईंले तोंडावर सांगितलं होतं. माझी शाळा सहावीत सुटली, तीही हिंदी शाळा. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगढी, आणि तिन्ही अर्ध्याच. ताई म्हणाल्या, काका, बोलता तसं लिहा, काना-मात्रा आम्ही पाहून घेऊ. त्याईले दिवाळी अंकासाठी जनरेटरच्या धंद्यातल्या गमती पाहिजेत. गमती दोन-चार आहेत, त्या सांगतो. बाकीचं गमतीचं नाही, पण तेही धंद्याचंच आहे. सुमनचं नाव घडी घडी येईल. सुमन माझी बायको. मागच्या थंडीत वारली. धंद्याचा फोन तीच उचलायची आणि धंद्यातलं शेवटचं काम मी तिचंच केलं, म्हणून तिले सोडून मले हे लिहिता येत नाही.

गुढियारीत आमचं घर आहे, मालधक्क्याच्या अंगाले. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेसोबत नागपूरहून इकडं छत्तीसगढात आले, असं वडील सांगायचे. फौजेत काय करायचे ते वडिलाईले माहीत नव्हतं. घोड्याले पाणी पाजत असतील.

माझा धंदा म्हणजे ज्याच्या घरची लाइट गेली त्याच्याकडं लहान जनरेटर न्यायचा आणि लाइट येईपर्यंत तिथं बसून चालवायचा. लग्नात ट्रकावर येतो तो हत्ती वेगळा. माझा स्कूटरच्या पायदानावर बसायचा. दोरी ओढली की चालू. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय चालवायचं? तेच सांगून राहिलो. खांबावरून लाइट येते तेव्हा तिच्यामागं अख्खं पॉवर हाऊस उभं असते. जनरेटरच्या मागं कोणीच नसते. तो एकटा असतो. त्याच्यावर किती टाकायचं ते माणसाले समजलं पाहिजे.

बल्ब, पंखा, टीव्ही, हे गरीब आहेत, जेवढं मागतात तेवढंच घेतात. गीझर, इस्त्री, हीटर यांचं नाव काढायचं नाही. आणि ज्याच्या पोटात मोठी मोटर आहे, फ्रीज म्हणा, पाण्याचा पंप म्हणा, ते उठताना झटका मारते. चालताना जेवढं खाते त्याच्या तिप्पट उठताना मागते. म्हाताऱ्या माणसासारखं आहे. एकदा उभा राहिला की चालतो, पण उभं करायले दोघं लागतात. म्हणून नियम एकच: मोठं पहिले, लहान मागून. जनरेटर रिकामा असताना मोठ्याले उठू द्यायचं, त्याचा आवाज दबतो, मग वर येतो. आवाज वर आला की मग लहानं एकेक लावायची. उलटं केलं, म्हणजे पहिले सगळी लहानं लावून मग पंपाचं बटन दाबलं, की सगळंच बसते.

हे सदर बाजारात कोणाले पटायचं नाही. जनरेटर आला की घरचे सगळे एकदम बटनं दाबायचे. एका सराफाची म्हातारी मले म्हणे, “भैया, फ्रिज रहने दो, टीवी लगाओ. आज बहू मरने वाली है.” टीव्हीतली बहू. घरातली बहू बाजूलेच उभी होती, ती म्हणाली, “लगा दो भैया, देख लेने दो.”

दुसरा नियम: जनरेटर घराबाहेर. पाऊस असो, काही असो. अभनपुरात एका धान्याच्या व्यापाऱ्याकडं नातवाची छठी होती, सहाव्या दिवसाचं जेवण. पाणी पडू लागलं, म्हणून मी जेवाले बसलो तेवढ्यात त्याच्या भावानं जनरेटर उचलून ओसरीच्या बाजूच्या कोठीत नेला आणि बाहेरचं दार लोटून घेतलं. भिजू नये म्हणून. मन चांगलं होतं त्याचं. थोड्या वेळानं बायकांची डोकी दुखू लागली, एक पोट्टी ओकली. सगळे म्हणे पनीर खराब आहे. आचाऱ्याले शिव्या सुरू झाल्या. मी पाहिलं तर पिंजऱ्यातला मिठ्ठू दांडीवरून खाली पडलेला. तसाच उष्ट्या हातानं उठलो, मशीन बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या आणि बाळंतिणीले बाळासकट पावसात उभं केलं. लोक माझ्यावरच धावले, की ओली बाळंतीण भिजवली. मी म्हटलं, भिजली तर वाळेल. त्या धुरात असं काही असते की त्याले ना वास, ना रंग, माणूस झोपतो तो उठत नाही. पोपट मेला. छठीच्या घरी पोपटासाठी रडारड. मी म्हटलं रडा, तुमच्या वाट्याचा तो मेला.

आता मुळे वकिलांची गोष्ट. तिच्यासाठीच ताईंनी मले पकडलं होतं.

आपल्या लोकांची एक रीत आहे. दिवा विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. एवढं जपून बोलणारे आपण, पण लाइटचं आणि बाईमाणसाचं मात्र एकाच शब्दात उरकतो. गेली. हिंदीवाले गिऱ्हाईक फोनवर म्हणत, भैया, लाइट गोल है. मराठी घरचा फोन असला की दोनच शब्द: काका, गेली. मी म्हणायचो, निघालोच. झालं बोलणं.

तात्यापाऱ्यातल्या मुळे वकिलांकडं मी नेहमी जायचो. एका सकाळी त्याईच्या मुलाचा फोन आला.

“काका, गेली.”

“कधी?”

“आत्ताच.”

“निघालोच.”

“या,” तो म्हणाला. आवाज बसलेला होता, पण त्या घरात सगळ्याईचेच आवाज बसलेले असायचे, वकिली करून. मी स्कूटरवर जनरेटर टाकला आणि गेलो. अंगणात चपलांचा ढीग. मले वाटलं सत्यनारायण आहे, म्हणून घाई असेल. जनरेटर ठेवला, दोरी ओढली, फटफट सुरू झाली. वायरचं भेंडोळं घेऊन पायरी चढलो आणि दारातूनच विचारलं, “पहिले फ्रीज लावू ना?” तेवढ्यात माझी नजर वर गेली. छताचा पंखा फिरून राहिला होता. त्याच्याखाली वकिलांच्या म्हाताऱ्या आईले ठेवलं होतं.

मुळ्यांचा मुलगा उठून आला आणि माझ्या हातातलं भेंडोळं हळूच काढून घेतलं. म्हणाला, “काका, लाइट आहे.”

मी एवढंसं तोंड घेऊन निघालोच होतो, पण वकील म्हणाले राहू द्या. त्याईची बहीण दुसऱ्या दिवशी येणार होती, तोवर ठेवायले थंड पेटी मागवली होती, आणि उन्हाळ्यात लाइटचा काय भरोसा. मी ओट्यावर बसून राहिलो. दुपारी खरंच गेली. लाइट. पेटीतही मोटर असते. पेटी पहिले लावली, मग पंखे. त्या घरात माझी एवढी इज्जत कधी झाली नव्हती.

घरी येऊन सुमनले सांगितलं तर तिनं पदर तोंडात कोंबला. मेलेल्या बाईवर हसू नये म्हणून दाबून राहिली होती, त्यानं आणखीच येत होतं. त्या दिवसापासून फोनवर कोणी ‘गेली’ म्हटलं की ती पहिले विचारायची, “लाइट का माणूस?” कोणाले राग यायचा नाही. मुळ्यांचा किस्सा सगळ्या मराठी घरात पोचला होता. आमचा बंडू तेव्हा लहान. शाळेतून यायचा, घरात अंधार दिसला की दारातूनच ओरडायचा, “आई, लाइट या माणूस?” समजायचं त्याले मराठी, पण तोंडातून निघायची हिंदीच. ती आतून म्हणायची, “लाइट गेली रे. माणूस आहे.”

मग घरोघरी इन्व्हर्टर आले. माझा फोन वाजेनासा झाला. मी रडलो नाही. टांगेवाले गेले, कंदीलवाले गेले, मी काय मोठा. मोठ्या मशिनी विकल्या, एक लहान ठेवली. सुमन म्हणे काहून ठेवता, घरात जागा नाही. मी म्हटलं राहू दे.

ती कामाले तिच्याच आली.

सुमनची फुप्फुसं खराब झाली होती. डॉक्टर म्हणाले, सिगडीचा धूर, इतकी वर्षं. मी विचारलं, आणि जनरेटरचा? माझ्या कपड्याले तो रोज असायचा, आणि कपडे तीच धुवायची. डॉक्टर म्हणाले, काका, आता विचारून काय करता. घरी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आणलं. लहान फ्रीजएवढं, चाकं असलेलं, दिवस-रात्र घुरघुर करते. नाकात नळी. नळी काढली की थोड्या वेळात तिचे ओठ निळे पडायचे. आमचा इन्व्हर्टर दोन-अडीच तास ते ओढायचा, मग चूप. म्हणून खाटेपासून दूर, अंगणात, माझा जनरेटर कायम पेट्रोल भरून.

बंडू हैदराबादले नोकरीवर. लाइट गेली की मी त्याले फोन करून सांगायचो, गेली. तो विचारायचा, लाइट या माणूस. हा खेळ सुमनलेच पाहिजे असायचा. फोन स्पीकरवर ठेवायले लावायची आणि नळीतून हसत म्हणायची, “माणूस आहे रे.” मले ते आवडायचं नाही. पण तिले आवडायचं.

मागच्याच्या आदल्या वैशाखात अंधड आलं. आमच्याकडं येते तसं, आधी लाल धूळ, मग वारा, मग गारा. आमच्या पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं, चिंचेचं झाड खांबावर पडलं आणि खांब रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाइट नाही. रस्ता बंद म्हणून पाण्याचा टँकरही नाही. नळ कोरडे. ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. ऑक्सिजनचा एक लहान सिलिंडर होता तो रात्रीच संपला. आता सुमनचा श्वास म्हणजे माझा जनरेटर. मी त्याच्याजवळ स्टूल टाकून बसलो होतो. पेट्रोल मुबलक होतं. त्याची चिंता नव्हती.

आमच्या गल्लीत एक बोर आहे, तिच्यावर अर्ध्या हॉर्सची मोटर. बाया रिकामे हंडे घेऊन यायच्या, जनरेटरकडं पाहायच्या, सुमनच्या खाटेकडं गेलेली वायर पाहायच्या आणि परत जायच्या. मागितलं कोणी नाही. बाजूची दुलारी भाभी, जी एरवी मीठ मागायलेही हक्कानं यायची, तीही दारापर्यंत आली आणि वळली.

सुमननं हात हलवून मले आत बोलावलं.

“हंडा वाजला,” ती म्हणाली. “रिकामा होता.”

“असू दे.”

“बोरची मोटर आपल्या जनरेटरवर चालते ना?”

“तुझी मशीन चालू असताना उठणार नाही. दोन्ही बसतील.”

“मले काय शिकवून राहिले? मशीन काढा. मोटर उठवा. मग मले लावा.” तिले एवढं बोलायलेही मध्ये थांबावं लागत होतं. “तुमचाच नियम होय. मोठं पहिले. मी मागून येतो.”

मी नाही म्हटलं. मशीन बंद करून परत लावली तर लगेच ऑक्सिजन देत नाही, तिले तयार व्हायले काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ ही बिना नळीची. आणि मोटर पहिल्या झटक्यात उठली नाही तर? जनरेटर बसला तर? दोरी दोनदा, तीनदा ओढावी लागली तर? मले माझ्या मशिनीचा भरोसा होता, पण तो बल्ब-पंख्यापुरता होता. मी तिले म्हटलं, पाऱ्याचं पाणी तुझ्या जिवावर नाही द्यायचं मले. तिनं भिंतीकडं तोंड केलं. इतक्या वर्षांत तिले भिंतीकडं तोंड करताना मी फार वेळा नव्हतं पाहिलं.

मग बाहेर कोणाचं तरी लेकरू पाण्यासाठी रडू लागलं. सुमन वळली नाही. नुसतं म्हणाली, “ऐका.”

मी दुलारी भाभीले हाक मारली. काय करायचं ते सांगितलं. तिचं तोंड उतरलं. म्हणाली, “नहीं बाबा, काकी ला कुछु हो जाही त?” खाटेवरून सुमन म्हणाली, “हाथ पकड़ के बैठ मेरा. डर मत.” ठरलं असं, की जनरेटरच्या आवाजात मले आतलं ऐकू येणार नाही, तर भाभीनं सुमनचा हात धरून दाराकडं तोंड करून बसायचं. सुमनले सहन झालं नाही तर भाभीनं हात वर करायचा. मग मी मोटर-बिटर सोडून पहिले हिची मशीन लावीन.

वायर बोरपर्यंत ओढली. जोड दोनदा तपासला. मग आत येऊन सुमनच्या मशिनीचं बटन बंद केलं, पिन काढली. घुरघुर थांबली. सुमन माझ्याकडं पाहून म्हणाली, “जा ना.”

बोरजवळच्या माणसाले मी हात दाखवला, त्यानं बटन दाबलं. जनरेटर दबला. असा दबला की मले वाटलं बसला. ठक, ठक, ठक. मी दाराकडं पाहिलं, भाभी पुतळ्यासारखी. तिचा हात खालीच. मले वाटलं तिले समजलंच नसेल, सुमननं हात दाबला असेल आणि ही घाबरून बसली असेल. मी मोटरची वायर उपटायले वाकलो. तेवढ्यात आवाज वर आला. आला आणि टिकला. तिकडं पाइपातून आधी हवा, मग गढूळ, मग पाणी.

मी आत धावलो. सुमनच्या मशिनीची पिन लावली, बटन दाबलं. जनरेटर जरासा दबला, सावरला. मशिनीनं पीं केलं आणि घुरघुर सुरू झाली, पण नळीतून चांगली हवा यायले अजून वेळ होता. सुमनचे ओठ जांभळासारखे झालते. डोळे मिटलेले. मी तिच्या दुसऱ्या बाजूले बसलो. काय करायचं त्यात? बसायचं. दुलारी भाभी देवाचं नाव घेत होती, मी मशिनीच्या काचेत हवेवर तरंगते त्या लहान गोळीकडं पाहून राहिलो होतो. मग ओठ हळूहळू बाईच्या ओठासारखे झाले.

तिनं डोळे उघडले आणि विचारलं, “आलं?”

भाभी म्हणाली, “हव काकी. आ गे.” आणि मग ती रडली.

सगळ्या पाऱ्यानं पाणी भरलं. पहिला हंडा कोणी घरी नेला नाही, आमच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. ठरवलं कोणी नव्हतं. सुमननं त्यातलं घोटभर मागितलं. म्हणाली, “गढूळ आहे.” रात्री बंडूले सांगितलं तर तो माझ्यावर खूप ओरडला. बरोबरच होतं त्याचं. सुमन स्पीकरवर म्हणाली, “माणूस आहे ना रे अजून? मग?”

धंद्यात मी पुष्कळ घरी उजेड केला, पण ती दुपार सोडली तर मले एकही काम आठवावंसं वाटत नाही. आणि ती दुपारही मले आठवते ती अभिमानानं नाही. मी वायर उपटायले वाकलो होतो तेवढंच आठवते. सुमन वाकली नव्हती.

पुढं थंडीत ती गेली. जनरेटरचा त्यात काही संबंध नाही. सकाळ होती, ऊन खाटेवर आलं होतं, मशीन चालू, सगळं चालू. तिनं चहा मागितला. मी करून आणला तर नळी नाकात होती, पण ती नव्हती. मशीन घुरघुर करत होती. मी कितीतरी वेळ ती बंद केली नाही. चहा खिडकीत ठेवला. मग पिन काढली.

बंडूले फोन लावला. मले वाटलं नीट सांगावं, वडीलधाऱ्यासारखं, देवाज्ञा झाली वगैरे. तोंडातून तोच शब्द निघाला.

“बंडू, गेली.”

तो ऑफिसात होता, मागं माणसं बोलत होती. तो नेहमीसारखा हसला. “लाइट या माणूस, बाबा?”

आणि थांबला. आतून तिचा आवाज यायची वाट पाहत होता तो. मीही पाहिली.

मग मी म्हटलं, “लाइट आहे रे.”

तिकडं मागची माणसं बोलतच होती. बंडूचा आवाज आला तेव्हा तो मराठीत होता. लहानपणापासून मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता असा.

“निघालोच,” तो म्हणाला.